मामाची कार्डे

आमच्या मामाने अमेरिकेत आमच्या नावाने काहीतरी ठेवले आहे, हे वाक्य आमच्या वाईच्या घरात १९९० पासून बोलले जात होते. आधी ते आशेने बोलले जाई. पुढे पुढे वडील ते कुचेष्टेने बोलत आणि आई ऐकून न ऐकल्यासारखे करी. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे कळायला आम्हाला २०२२ साल उजाडावे लागले. तोवर वडील नव्हते, आई नव्हती आणि मामाही नव्हता.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आम्ही बहीण-भाऊ. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, एक साताऱ्याला आणि एक सांगलीला. (एका घरात दोन मराठी एम.ए. म्हणजे वडिलांच्या मते एक अपघात आणि एक हट्ट.) जिथे आमचे एकमत आहे तिथे ‘आम्ही’ म्हणू, जिथे नाही तिथे तसे सांगू.

मामा १९६८ साली अमेरिकेत गेला. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेला, न्यू जर्सीत नोकरी, एका खोलीत तिघे जण, आणि कचेरीत दुपारच्या डब्याच्या वेळी सगळे ज्याविषयी बोलत ते याला अवाक्षरही कळत नसे. ते बोलत बेसबॉलविषयी. त्यातून पुढचे साल १९६९ चे. न्यूयॉर्कचा ‘मेट्स’ हा संघ १९६२ साली जन्मला आणि पहिल्याच वर्षी त्याने १२० सामने गमावले. हरण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या या संघाने १९६९ च्या ऑक्टोबरात बाल्टिमोरला चार विरुद्ध एक असे हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. अशा वर्षी त्या गावात परका माणूस म्हणून राहणे म्हणजे पंढरपुरात आषाढी एकादशीला ‘आज गर्दी का आहे?’ असे विचारण्यासारखेच. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या लहान मुलाला या काळ्या-सावळ्या, गप्प बसणाऱ्या माणसाची दया आली असावी. त्याने आपल्याकडे दोनदा आलेले एक कार्ड मामाला देऊन टाकले. ते टॉम सीव्हरचे होते.

इथे थोडे थांबून ही कार्डे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. हातात मावेल असा जाड कागदाचा तुकडा. पुढे खेळाडूचे चित्र, मागे बारीक टायपात त्याची जन्मतारीख, गाव, उंची, वजन आणि मागच्या प्रत्येक हंगामाचे आकडे. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी पाकीट चुरगळू नये म्हणून आत जाड पुठ्ठा घालायला सुरुवात केली आणि त्या पुठ्ठ्यावर चित्रे छापली. पुढे सिगारेटची जागा मुलांच्या च्युइंगमने घेतली. ‘टॉप्स’ ही ब्रुकलिनची कंपनी. तिच्या साय बर्जर नावाच्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून १९५२ च्या कार्डांची रचना केली, आणि आजही कार्ड म्हटले की तीच रचना डोळ्यांपुढे येते: पुढे रंगीत चित्र, संघाचे बोधचिन्ह, मागे आकडेवारी. मेणकागदाच्या पाकिटात कार्डांचा गठ्ठा आणि पिठीसाखर लावलेली गुलाबी च्युइंगमची पट्टी. पाकीट फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळत नाही. ज्याची आस आहे तो मिळत नाही आणि नको असलेला तिसऱ्यांदा मिळतो. मग देवघेव, विनवण्या, फसवाफसवी. आमच्या पिढीतल्या ज्या वाचकांनी ‘बिग फन’ च्युइंगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रे जमवली असतील त्यांना अधिक सांगायला नको.

मामाने त्या एका कार्डावरून खेळ शिकायला घेतला. कार्डाच्या मागे जे शब्द होते ते त्याने एकेक करून विचारले, आणि कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवले. ही कार्डे आज आमच्यापुढे आहेत. १९७० च्या कार्डावर, जिथे सीव्हरचे आदल्या वर्षीचे पंचवीस विजय आणि सात पराभव नोंदलेले आहेत, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिले आहे: ‘पिचर = गोलंदाज (पण हात वाकवायला मुभा!)’. दुसऱ्या एका कार्डावर ‘स्ट्राइकआउट: त्रिफळा नव्हे, तीन हुकले की बाद’. तिसऱ्यावर ‘वॉक: चार वाईट चेंडू, मग फुकट पहिला टप्पा’. आम्ही दोघांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ टीपा वाचल्या आहेत, विद्यार्थ्यांच्या आणि विद्वानांच्याही. इतक्या गरजेपोटी लिहिलेल्या टीपा क्वचितच वाचल्या.

त्यानंतर दर वर्षी सीव्हरचे एक कार्ड, असा मामाचा नेम होता. १९६९ पासून १९८७ पर्यंत एकोणीस कार्डे. बाकीच्या खेळाडूंची हाव नाही. सीव्हरच का, याचे त्याने आम्हाला दिलेले कारण गमतीचे होते. चेंडू टाकताना सीव्हर इतका खाली झुकत असे की त्याचा उजवा गुडघा जमिनीला घासे आणि विजारीवर मातीचा डाग पडे. मामा म्हणे, “इतका मोठा खेळाडू, पण गुडघ्याला माती. शेतात काम करून आल्यासारखा दिसतो बघा.” मामाच्या लहानपणी त्याचे वडील मेणवलीच्या रानातून घरी येत तेव्हा तसेच दिसत, असे आई सांगे.

हे सगळे आम्हाला कळले १९८७ च्या डिसेंबरात. मामा वाईला आला होता. आम्ही दहा आणि आठ वर्षांचे. त्याने प्रत्येकी एक पाकीट दिले. त्या वर्षीच्या ‘टॉप्स’ कार्डांना लाकडासारखी दिसणारी चौकट होती, आणि ती चौकट पाहून आईने ते आधी कसले तरी नमुने समजून बाजूला ठेवले होते. वडिलांनी लांबूनच पाहून ‘पत्ते’ असा शेरा मारला. आमच्या घरात पत्ते म्हणजे जुगाराची पहिली पायरी. आम्हाला मात्र त्या पाकिटात जो खजिना सापडला तो एका नावाने सापडला. मेट्सचा एक खेळाडू होता, मुकी विल्सन. ‘मुकी’ असे नाव असलेला एक धिप्पाड पुरुष! आम्ही हसून हसून लोळलो. मग मामाने त्या मुकीची गोष्ट सांगितली: २५ ऑक्टोबर १९८६ ची रात्र, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, मेट्स हरल्यात जमा, आणि मुकीने मारलेला साधा सरपटता चेंडू बॉस्टनच्या बिल बकनरच्या दोन पायांतून निसटून गेला. सामना फिरला आणि दोन दिवसांनी मेट्स जिंकले. “आणि सीव्हर?” आम्ही विचारले. मामा जरा गप्प झाला. सीव्हर त्या वर्षी बॉस्टनकडे होता. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ती मालिका त्याला खेळताच आली नाही.

तो बॉस्टनकडे कसा गेला, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. १५ जून १९७७ रोजी मेट्सने पैशाच्या वादातून सीव्हरला सिनसिनाटीला देऊन टाकले. ज्याच्यामुळे संघाला नाव मिळाले त्यालाच दिला. १९७८ च्या कार्डावर तो सिनसिनाटीच्या पोशाखात आहे आणि कार्डाच्या मागे मामाने एकच शब्द लिहिला आहे: ‘नाइलाजाने’. पुढे १९८३ साली तो मेट्सकडे आला. १९८४ च्या कार्डावर शब्द आहे ‘परत’. पण त्याच वर्षी संघाच्या कारभाऱ्यांच्या हलगर्जीपणाने शिकागोच्या संघाने त्याला उचलले. १९८५, १९८६ आणि १९८७ च्या कार्डांवर मामाने काहीही लिहिलेले नाही.

आता त्या ‘काहीतरी’कडे वळू.

बर्जर यांनी सांगितलेली एक हकीकत कार्डांच्या जगात रामायणासारखी सांगितली जाते. १९५२ ची न खपलेली कार्डे कित्येक वर्षे गोदामात जागा अडवून पडली होती. ती कोणी फुकटही घेईना. शेवटी १९६० साली बर्जर यांनी शेकडो खोकी एका तराफ्यावर चढवली आणि अटलांटिक समुद्रात बुडवली. त्यांत मिकी मँटलची कार्डे होती. उरलेल्यांपैकी असंख्य कार्डे मुलांनी सायकलच्या आऱ्यांना अडकवून फर्रर्र आवाज काढण्यात संपवली, आणि जी वाचली ती मुले कॉलेजला गेल्यावर त्यांच्या आयांनी माळा साफ करताना फेकून दिली. १९८० च्या दशकात ही मुले कमावती झाली, बालपण विकत घ्यायला निघाली आणि जुन्या कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या. ते पाहून बाकीच्या अमेरिकेने साधे गणित केले: जुनी कार्डे महाग झाली, म्हणजे नवी कार्डे आज घेऊन ठेवली तर पुढे महाग होतील. ‘टॉप्स’ची मक्तेदारी १९८१ साली मोडली होतीच. ‘फ्लीर’, ‘डॉनरस’, मग ‘स्कोअर’, आणि १९८९ साली ‘अपर डेक’. या नव्या कंपनीच्या पहिल्याच संचातले पहिले कार्ड केन ग्रिफी धाकटा या एकोणीस वर्षांच्या पोराचे. छापखाने रात्रंदिवस चालले. ‘बेकेट’ नावाचे एक मासिक दरमहा कार्डांचे भाव छापत असे; लोक ते शेअरबाजाराच्या पानासारखे वाचत. मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून न फोडलेली खोकीच्या खोकी तळघरात रचून ठेवणारे हजारो आईबाप त्या देशात होते.

आमचा मामा त्यांतलाच एक. फक्त त्याने खोकी ठेवली ती भाचरांसाठी. १९८८ ते १९९१ या काळात दहा मोठी खोकी, सुमारे साडेतीन हजार डॉलर. त्याचा हिशेब त्याने एका वहीत लिहून ठेवला आहे. १९९० च्या निळ्या एअरोग्राममध्ये त्याने आईला लिहिले होते, “अक्का, पोरांच्या शिक्षणाची काळजी सोड. त्यांची सोय मी करून ठेवली आहे.” कसली सोय ते लिहिले नाही. वडिलांच्या ‘पत्ते’ या शब्दाची धास्ती घेतली असेल काय?

या गणितातली चूक आज कुणालाही दिसेल. जे सगळ्यांनी फेकले ते दुर्मिळ झाले. जे सगळ्यांनी जपले ते कसे दुर्मिळ होणार? १९९२-९३ पासून भाव घसरू लागले. १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंचा संप सुरू झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, आणि लोकांचे मनच त्या खेळावरून उडाले. त्या काळातल्या कार्डांना आज तिकडे ‘जंक वॅक्स’ म्हणतात. मेणकागदातली रद्दी.

आणि १९९५ च्या जूनमध्ये वडिलांनी मामाला पत्र लिहिले. आमच्यातल्या थोरलीला बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचे होते. मोफत जागा थोड्या गुणांनी हुकली होती, पैसे भरून मिळणारी जागा समोर होती. वडील शाळामास्तर. त्यांनी मेहुण्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितले, तेही मागितले असे न म्हणता: ‘आपण मुलांसाठी जी तजवीज केली आहे तिचा आता उपयोग होईल.’ तीन आठवड्यांनी उत्तर आले. ‘दाजी, ते आत्ता मोडता येत नाही. क्षमा असावी.’ एवढेच.

त्यानंतर वडिलांनी मामाला पत्र लिहिले नाही. भाऊबीजेला मामाकडून पाकिटातून डॉलर येत राहिले. ते वडिलांनी कधी वटवू दिले नाहीत, ते आईच्या पोथीत पडून राहिले. भाऊ परदेशी, म्हणून आई दर भाऊबीजेला अंगणात येऊन चंद्राला ओवाळी. १९९५ नंतरही ओवाळी, पण ओवाळताना ती जे पुटपुटत असे ते बंद झाले. २००३ साली मामा आला तेव्हा पुण्यात हॉटेलात उतरला, एक दिवस वाईला येऊन गेला. आम्ही विचारले नाही. त्याने सांगितले नाही. चहा झाला, फोटो झाले.

मामा जून २०२२ मध्ये गेला. ऑगस्टमध्ये मामेभावाचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. तळघरातली दहा खोकी, आणि प्रत्येकावर जाड खडूने देवनागरीत लिहिलेली दोन नावे, पाचांवर एक, पाचांवर दुसरे. मामेभावाला देवनागरी वाचता येत नाही. त्याने विचारले होते: हे काय लिहिले आहे? ती आमची घरातली नावे होती. आई-वडिलांनंतर त्या नावांनी आम्हाला हाक मारणारे कुणी उरले नव्हते. योगायोग असा की त्याच महिन्यात १९५२ च्या मिकी मँटलचे एक निष्कलंक कार्ड लिलावात एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेल्याची बातमी आली होती, आणि आमच्या ओळखीतल्या दोघांनी ‘तुमच्या मामाला असलाच काही नाद होता ना?’ असे डोळे चमकवून विचारलेही. मामेभावाने एका व्यापाऱ्याला बोलावले होते. त्याने खोकी उघडायची तसदीही घेतली नाही. असली तळघरे तो दर आठवड्याला पाहतो.

जानेवारी २०२३ मध्ये मामेभाऊ अस्थी घेऊन वाईला आला. कृष्णेत विसर्जन झाल्यावर त्याने पिशवीतून तीन वस्तू काढल्या: बुटांचा एक खोका, हिशेबाची वही, आणि आमच्यासाठी १९८९ चे एक न फोडलेले पाकीट. तो म्हणाला, “मला लहानपणी बाबांनी त्या खोक्यांना हात लावू दिला नाही. ‘ती वाईच्या मुलांची आहेत’ म्हणायचे. मला तुमचा फार राग यायचा.” आम्ही जितकी वर्षे त्याच्या बापावर रुसून होतो, तितकीच वर्षे तो आमच्यावर रुसून होता.

वही मात्र आम्ही रात्री वाचली. डावीकडे खरेदी, उजवीकडे दर सहा महिन्यांनी ‘बेकेट’मधला भाव. १९९१ पर्यंत आकडे चढत जातात. मग उतरतात. जुलै १९९५ ला एक वेगळी नोंद आहे: दोन दुकानांची नावे, त्यांपुढे ‘घेत नाही’, तिसऱ्यापुढे ‘सगळ्यांचे मिळून ४००’. त्याखाली काही नाही. पुढची पाने कोरी आहेत.

इथे आमच्यात मतभेद आहे. धाकट्याचे म्हणणे असे की कार्डे बुडाली तर बुडाली, अमेरिकेतल्या अभियंत्याने पगारातून पैसे पाठवायला काय हरकत होती. निदान खरे कारण तरी कळवायचे. थोरली, जिच्या शिक्षणाचा हा प्रश्न होता, ती म्हणते की त्याने ज्याला सोय म्हटले ती रद्दी निघाली, हे तो बहिणीच्या नवऱ्याला, त्यातही पत्ते म्हणून हिणवणाऱ्या नवऱ्याला, कोणत्या तोंडाने कळवणार होता? मामेभावाला विचारले तर तो इतकेच म्हणाला की त्या सुमारास बाबा बरेच महिने दिवसा घरीच असायचे. का, ते त्याला कुणी सांगितले नव्हते. यावरून काय समजायचे ते आम्ही दोघे वेगवेगळे समजतो.

जाता जाता एका माणसाविषयी सांगितलेच पाहिजे. जेफरसन बर्डिक हा सिरॅक्यूजचा एक साधा कामगार. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. अमेरिकेत छापल्या गेलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या कार्डांची सूची त्याने केली. आजही संग्राहक त्याचेच क्रमांक वापरतात. आपला तीन लाखांहून मोठा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि शेवटची वर्षे तिथे बसून ती कार्डे स्वतः डिंकाने वह्यांत चिकटवली. काम संपल्यावर दोनेक महिन्यांतच, १९६३ साली, तो गेला. आजच्या बाजारात डिंक लागलेले कार्ड म्हणजे खराब कार्ड. कोपरे, कडा, मध्य, पृष्ठभाग यांची तपासणी करून एक ते दहा असे गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. मामाच्या एकोणीस कार्डांचे कोपरे गोल झाले आहेत, एकावर चहाचा डाग आहे, आणि पेन्सिलीच्या त्या टीपांमुळे उरलेले गुणही जातील. परीक्षक म्हणून आम्ही हे गुणपत्रक नाइलाजाने मान्य करतो.

१९८९ चे पाकीट आम्ही त्या दिवाळीत फोडले. थोरलीची मुलगी मोठ्या उत्सुकतेने बसली होती. च्युइंगमची पट्टी हात लावताच खडूसारखी मोडली आणि तिचा गुलाबी भुगा सतरंजीवर सांडला; तिच्या लगतचे कार्ड डागाळून गेले होते. आत कुणीही ओळखीचे निघाले नाही. मुकीसुद्धा नाही.

दहा खोकी अजून मामेभावाच्या गॅरेजमध्ये आहेत. त्याची गाडी बाहेर उभी असते, म्हणून तो दर हिवाळ्यात विचारतो की त्यांचे काय करू. आम्ही दर वेळी ‘बघू’ म्हणतो. सीव्हरची एकोणीस कार्डे मात्र वाटून घेतली: नऊ आणि नऊ. एकोणिसावे, १९७८ चे, कुणीच सोडायला तयार होईना. ते सहा महिने साताऱ्याला आणि सहा महिने सांगलीला असते. भाऊबीजेला त्याची जागा बदलते. सध्या ते थोरलीकडे आहे.